समाप्ती कोडॉन ओलांडून तयार होणारे लांब प्रथिन: ते कसे शोधावे, पडताळावे आणि मोजावे

पेशीत प्रथिने जुळवणारा रायबोझोम एम-आरएनएवरील (जनुकाच्या संदेश-प्रतीवरील) तीन-तीन अक्षरांचे कोडॉन क्रमाने वाचतो, प्रत्येक कोडॉनसाठी एक अमिनो आम्ल जोडतो आणि यूएए, यूएजी किंवा यूजीए यांपैकी एखादा समाप्ती कोडॉन आला की तयार झालेले प्रथिन सोडून देतो, हे भाषांतरणाचे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र काही जनुकांत रायबोझोमांचा एक ठरावीक हिस्सा समाप्ती कोडॉनपाशी थांबत नाही. त्या जागी एखादे अमिनो आम्ल जोडून तो त्याच वाचन-चौकटीत, म्हणजे तीन-तीन अक्षरांची तीच विभागणी कायम ठेवून, पुढे जातो आणि पुढचा समाप्ती कोडॉन येईपर्यंत वाचत राहतो. या घटनेला रीड-थ्रू म्हणतात. एकाच एम-आरएनएपासून त्यामुळे दोन प्रथिने मिळतात: एक नेहमीचे आणि दुसरे त्याचीच शेपटी वाढलेले.

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या, आणि प्रकल्पासाठी हाताशी फक्त एक लॅपटॉप व इंटरनेट असलेल्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. अनुक्रम वाचून अंदाज बांधण्याचे सर्व काम घरबसल्या करता येते. प्रत्यक्ष मोजमापाला सुसज्ज प्रयोगशाळा लागते, तरीही ते कसे करतात हे आधीच समजलेले असले तर अंदाज बांधतानाची शिस्त सुधारते, म्हणून तो भागही येथे दिला आहे.

आधी यंत्रणा नीट समजून घ्यावी

समाप्ती कोडॉनसाठी सर्वसाधारणपणे स्वतःचा टी-आरएनए, म्हणजे अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू, नसतो. केंद्रकयुक्त पेशींत तिन्ही समाप्ती कोडॉन ईआरएफ-१ हे एकच प्रथिन ओळखते आणि जीटीपी वापरणारे ईआरएफ-३ त्याला साथ देते. जिवाणूंमध्ये काम विभागलेले असते: आरएफ-१ हे यूएए व यूएजी ओळखते, तर आरएफ-२ हे यूएए व यूजीए ओळखते. रायबोझोमच्या ए-जागेत, म्हणजे पुढचा कोडॉन जेथे वाचला जातो तेथे, समाप्ती कोडॉन आला की ईआरएफ-१ तेथे बसते आणि ग्लायसिन, ग्लायसिन, ग्लुटामिन हा क्रम असलेल्या आपल्या टोकाच्या साहाय्याने प्रथिन व टी-आरएनए यांच्यातील बंध तोडते.

परंतु ती ए-जागा ईआरएफ-१ साठी राखून ठेवलेली नसते. पेशीतील सर्व टी-आरएनए तेथे येऊन पाहतात. त्यांतील काहींची जोडी समाप्ती कोडॉनच्या तीनपैकी दोन अक्षरांशी नेमकी जुळते, आणि असा जवळचा टी-आरएनए क्वचित ईआरएफ-१ च्या आधी स्वीकारला जातो. हे घडले की प्रथिन सुटत नाही, लांबते. म्हणून रीड-थ्रू होते की नाही असा प्रश्न विचारू नये. शंभर रायबोझोमांपैकी किती पुढे जातात, असा विचारावा. साध्या परिस्थितीत हे प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी असते, तर काही विषाणूंमध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. पुढची प्रत्येक पायरी या प्रमाणाच्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

कोणते अमिनो आम्ल जोडले जाईल, याचा अंदाज कोडॉनच्या तक्त्यावरूनच बांधता येतो. यूएजी आणि यूएए यांच्या जागी मुख्यतः ग्लुटामिन, टायरोसिन किंवा लायसिन येते, कारण सीएजी, यूएसी आणि एएजी हे कोडॉन यूएजीपासून एकेकाच अक्षराने दूर आहेत. यूजीएच्या जागी ट्रिप्टोफॅन, सिस्टीन किंवा आर्जिनिन येते. तक्ता समोर घेऊन ही एका अक्षराची अंतरे प्रत्येकाने स्वतः काढावीत. एकदा काढली की ती विसरली जात नाहीत.

पहिला सराव तंबाखूच्या विषाणूवर

या विषयाचा अभ्यास मानवी जनुकापासून सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मानवी जनुकांत पर्यायी स्प्लायसिंगमुळे (एकाच जनुकाच्या आरएनएचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडले गेल्यामुळे) अनेक एम-आरएनए असतात आणि नवशिक्याचा गोंधळ होतो. टोबॅको मोझॅइक विषाणूचा आरएनए मात्र एकसंध आणि आटोपशीर आहे, आणि त्याची उत्तरे पक्की ठाऊक आहेत. १९७८ साली ह्यू पेलहॅम यांनी सशाच्या रक्तपेशींच्या अर्कात हा आरएनए भाषांतरित करून दोन मोठी प्रथिने मिळवली; यूएजी वाचू शकणारा यीस्टचा टी-आरएनए त्या अर्कात मिसळल्यावर मोठ्या प्रथिनाचे प्रमाण वाढले, आणि त्यावरून ते प्रथिन यूएजी ओलांडूनच तयार होते हे दिसून आले.

एनसीबीआय या अमेरिकी अनुक्रम-भांडाराच्या संकेतस्थळावर या विषाणूचे नाव शोधून ६,३९५ न्यूक्लिओटाइडांचा संदर्भ-अनुक्रम उघडावा. तेथे आरएनएच्या यू अक्षराऐवजी डीएनएचे टी अक्षर छापलेले असते, त्यामुळे यूएजी तुम्हाला टीएजी असा दिसेल. पहिले प्रथिन ६९व्या स्थानी सुरू होते आणि त्याचा समाप्ती कोडॉन ३४१७ ते ३४१९ या स्थानांवर आहे. आता हिशेब करावा: ६९ ते ३४१९ म्हणजे ३,३५१ न्यूक्लिओटाइड, म्हणजे १,११७ कोडॉन, त्यांतला शेवटचा समाप्तीचा, म्हणून प्रथिनात १,११६ अमिनो आम्ले. हेच सुमारे १२६ किलोडाल्टनचे प्रथिन.

त्याच चौकटीत पुढे वाचत गेल्यास पुढचा समाप्ती कोडॉन ४९१९व्या स्थानी संपतो. ३४२० ते ४९१९ म्हणजे १,५०० न्यूक्लिओटाइड, म्हणजे ५०० कोडॉन, त्यांतला शेवटचा पुन्हा समाप्तीचा. उरलेली ४९९ अमिनो आम्ले आणि यूएजीच्या स्वतःच्या जागी आलेले एक, अशी ५०० अमिनो आम्लांची भर पडते आणि लांब प्रथिन १,६१६ अमिनो आम्लांचे होते. यूएजीच्या जागचे ते एक अमिनो आम्ल मोजायला विद्यार्थी हमखास विसरतात, आणि मग संगणकाच्या उत्तराशी त्यांचा आकडा जुळत नाही. वजनाचाही पडताळा घ्यावा: एका अमिनो आम्लाचे सरासरी वजन ११० डाल्टन धरले तर ५०० आम्लांचे वजन ५५ किलोडाल्टन होते, आणि लांब प्रथिन १८३ किलोडाल्टनचे मानले जाते, म्हणजे प्रत्यक्ष फरक ५७. ढोबळ सरासरीच्या हिशेबाला एवढी जवळीक पुरेशी आहे.

या भरीव शेपटीत विषाणूच्या आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराचा गाभा आहे. विषाणूला तो हवा असतो, पण फार नको असतो. सुमारे ५ टक्के रीड-थ्रू त्याची गरज भागवते. ढोबळी मिरचीला बाधणारा पेपर माइल्ड मॉटल विषाणू याच कुळातला आहे आणि मिरची खाणाऱ्या माणसांच्या विष्ठेत तो इतक्या सातत्याने सापडतो की जगभर त्याचा उपयोग सांडपाण्याचे प्रदूषण ओळखण्यासाठी केला जातो. ठाण्याच्या खाडीच्या पाण्यावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दुसरा सराव या विषाणूच्या अनुक्रमावर करावा, आणि तेथील समाप्ती कोडॉन स्वतः शोधून वरचाच हिशेब पुन्हा मांडावा.

समाप्ती कोडॉनच्या पुढची सहा अक्षरे

आता पुन्हा ३४१७व्या स्थानाकडे यावे आणि पुढची सहा अक्षरे लिहून घ्यावीत. यूएजीनंतर सीएए यूयूए असा क्रम दिसतो. केवळ समाप्ती कोडॉन कोणता आहे, एवढ्यावर रीड-थ्रूचे प्रमाण ठरत नाही. त्याच्या लगतचा मजकूर फार महत्त्वाचा असतो. तीन कोडॉनांत यूजीए सर्वांत गळका, यूएजी मधला आणि यूएए सर्वांत पक्का, असा साधारण क्रम आहे. कोडॉनच्या अगदी लगतचे, म्हणजे समाप्तीच्या पहिल्या अक्षरापासून मोजल्यास चौथे अक्षर सी असेल तर गळती वाढते.

चौथ्या अक्षराचा संबंध का यावा, याचे उत्तर रायबोझोमच्या रचनेच्या अभ्यासातून मिळाले आहे. ईआरएफ-१ बसले की एम-आरएनए ए-जागेत आवळला जातो आणि तीनऐवजी चार अक्षरे तेथे ओढली जातात. चौथे अक्षर ए किंवा जी असले तर त्याचा मोठा बेस रायबोझोमच्या स्वतःच्या आरएनएतील (आर-आरएनएतील) एका बेसवर नीट रचला जातो व ईआरएफ-१ ची पकड घट्ट होते. सीसारख्या लहान बेसची ही रचना सैल राहते, आणि तेवढ्या अवकाशात जवळच्या टी-आरएनएला संधी मिळते.

मानवी जनुकांत यूजीए सीयूए हा क्रम विशेष लक्षात ठेवावा. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या बी उपएककाच्या जनुकात आणि मॅलेट डिहायड्रोजिनेज-१ च्या जनुकात समाप्तीपाशी हाच क्रम आहे. काही ठिकाणी मात्र लगतची अक्षरे पुरेशी नसतात: उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूमध्ये गॅग आणि पॉल या जनुकांमधल्या यूएजीपुढे थोड्या अंतरावर आरएनएची स्यूडोनॉट नावाची गुंतलेली घडी असते, ती रीड-थ्रू घडवून आणते आणि यूएजीच्या जागी ग्लुटामिन येते. म्हणून सहा अक्षरांवर न थांबता पुढचे सुमारे शंभर न्यूक्लिओटाइड आरएनएची घडी दाखवणाऱ्या एखाद्या प्रणालीत घालून पाहावेत.

शेपटीत काय आहे ते वाचावे

दुसरा समाप्ती कोडॉन त्याच चौकटीत किती अंतरावर आहे, हे आधी पाहावे. तो दोन-चार कोडॉनांवरच असेल तर शेपटी क्षुल्लक ठरण्याची शक्यता असते, पण लांबीवरून महत्त्व ठरवण्याची घाई करू नये. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज-बीची शेपटी अवघ्या ७ अमिनो आम्लांची आहे, तरी तिच्या टोकाला पेरॉक्सिझोम या पेशीतील छोट्या कप्प्याकडे नेणारा तीन अमिनो आम्लांचा संकेत आहे, आणि त्यामुळे एरवी पेशीद्रवात राहणाऱ्या विकराचा एक छोटा हिस्सा पेरॉक्सिझोममध्ये पोहोचतो. ठाण्याला संपणाऱ्या एखाद्या लोकलचे दोन-चार डबे परस्पर कल्याणला जावेत, तसे हे आहे. मला रीड-थ्रूच्या साऱ्या उदाहरणांत हे सर्वाधिक सुंदर वाटते, कारण येथे पेशी एकाच जनुकातून, वेगळा प्रवर्तक (जनुकाची नक्कल जेथून सुरू होते तो डीएनएचा भाग) किंवा वेगळे स्प्लायसिंग न वापरता, एकच विकर दोन ठिकाणी पुरवते.

दुसरे उदाहरण रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणाऱ्या व्हीईजीएफ-ए या प्रथिनाचे आहे. २०१४ साली संदीप ईश्वरप्पा, पॉल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी त्याचे २२ अमिनो आम्लांनी वाढलेले रूप दाखवले. ईश्वरप्पा आता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच विषयावर काम करतात, ही आपल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी गोष्ट आहे. या वाढलेल्या रूपाचे नेमके कार्य काय, याबद्दल संशोधकांत पुढे मतभेदही झाले. शेपटी सापडणे आणि तिचे कार्य कळणे यांत केवढे अंतर असते, ते त्यावरून कळते.

शेपटी निवडीच्या दबावाखाली आहे का, हे तपासण्याची एक चांगली युक्ती आहे. जवळच्या अनेक जातींतील तोच भाग एकाखाली एक मांडावा. पहिल्या समाप्ती कोडॉननंतरही बदल मुख्यतः कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरात, अमिनो आम्ल न बदलणारे, असेच दिसत असतील, आणि दुसऱ्या समाप्तीनंतर मात्र बदल कसेही विखुरलेले असतील, तर मधला भाग प्रथिनासाठी वाचला जात असल्याचा तो बळकट पुरावा आहे. या पद्धतीने मॅनोलिस केलिस यांच्या गटाने २०११ मध्ये फळमाशीत अशी २८३ जनुके दाखवली. त्याआधी अशी उदाहरणे विरळ अपवाद मानली जात.

लांब प्रथिन दिसले म्हणजे रीड-थ्रू झाले, असे नाही

प्रकल्प-अहवालांत सर्वाधिक उणीव येथे राहते, म्हणून या भागावर वेळ द्यावा. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर अपेक्षेपेक्षा वर पट्टा दिसण्याची अनेक कारणे असतात. पर्यायी स्प्लायसिंगने समाप्ती कोडॉनच एम-आरएनएमधून वगळला गेला असेल. त्यासाठी आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए-प्रत काढून ती वाढवण्याची पद्धत) करून समाप्तीचा भाग प्रत्यक्ष अनुक्रमित करावा. आरएनए संपादनाने एखादे अक्षर बदलले असेल. तेही त्याच अनुक्रमात दिसते. रायबोझोम एका अक्षराने घसरून दुसऱ्या चौकटीत गेला असेल. तेव्हा शेपटीचा अमिनो आम्ल-क्रम पूर्ण वेगळा असतो, आणि म्हणूनच तिन्ही चौकटींचे भाषांतर शेजारी ठेवावे. प्रथिनाला साखर किंवा फॉस्फेट जोडले गेल्यानेही पट्टा वर सरकतो.

सेलेनोसिस्टीनचे उदाहरणही वेगळे ठेवावे. तेथे यूजीएसाठी स्वतंत्र टी-आरएनए, स्वतंत्र वाहक घटक आणि एम-आरएनएमधील विशिष्ट घडी अशी संपूर्ण व्यवस्था असते. चुकून झालेल्या स्वीकाराशी तिची गल्लत करू नये.

समाप्ती कोडॉनच उत्परिवर्तनाने नष्ट होणे हीदेखील वेगळी गोष्ट आहे. हिमोग्लोबिन कॉन्स्टंट स्प्रिंग या आनुवंशिक प्रकारामध्ये अल्फा साखळीचा यूएए बदलून सीएए होतो आणि १४१ ऐवजी १७२ अमिनो आम्लांची साखळी बनते. त्या जनुक-प्रतीपासून नेहमीच्या लांबीची साखळी मुळीच बनत नाही, तर रीड-थ्रूमध्ये दोन्ही रूपे एकाच एम-आरएनएपासून शेजारी-शेजारी बनतात. डीएनए अनुक्रमात समाप्ती कोडॉन शाबूत आहे याची खात्री केल्याशिवाय अहवालात रीड-थ्रू हा शब्द वापरू नये.

प्रमाण कसे मोजतात

प्रचलित पद्धत दोन ल्युसिफरेजची, म्हणजे प्रकाश निर्माण करणाऱ्या दोन विकरांची, आहे. एकाच एम-आरएनएवर आधी रेनिला या समुद्री जीवाचे ल्युसिफरेज, मग तपासायचा समाप्ती कोडॉन त्याच्या दोन्ही बाजूंच्या मजकुरासह, आणि त्यापुढे त्याच चौकटीत काजव्याचे ल्युसिफरेज अशी रचना करतात. प्रत्येक रायबोझोम रेनिला बनवतो, पण समाप्ती ओलांडणाराच काजव्याचे ल्युसिफरेज बनवतो, म्हणून दुसऱ्या प्रकाशाला पहिल्याने भागले की तुलना मिळते.

ही तुलना दोन नियंत्रणांशिवाय निरर्थक आहे. एका नियंत्रणात समाप्ती कोडॉनच्या जागी अमिनो आम्लाचा कोडॉन घालतात, ते १०० टक्के. दुसऱ्यात लागोपाठ दोन यूएए घालतात, ती पार्श्वभूमी. समजा, तपासणीचे गुणोत्तर ०.०४२, पहिल्या नियंत्रणाचे १.२० आणि दुसऱ्याचे ०.००२४ आले. मग ०.०४२ भागिले १.२० म्हणजे ३.५ टक्के, पार्श्वभूमी ०.२ टक्के, आणि खरे रीड-थ्रू सुमारे ३.३ टक्के. अहवालात हे तिन्ही आकडे द्यावेत. रचनेत लपलेला प्रवर्तक किंवा स्प्लायसिंगची जागा असेल तर काजव्याचे ल्युसिफरेज रीड-थ्रूशिवायही बनते. शिवाय शेपटीमुळे विकराची क्रियाशीलता बदलू शकते, म्हणून दोन्ही ल्युसिफरेज वेगळी सोडवणारे २ए पेप्टाइड आता वापरले जाते.

पेशीतील नैसर्गिक प्रथिनासाठी शेपटीलाच चिकटणारे प्रतिपिंड वापरून वेस्टर्न ब्लॉट करतात, म्हणजे जेलवर वेगळ्या झालेल्या प्रथिनांतून तेवढेच प्रथिन ओळखतात. रायबोझोम प्रोफायलिंगमध्ये रायबोझोमने झाकलेले आरएनएचे तुकडे अनुक्रमित करतात. पहिल्या समाप्तीनंतरही तीन अक्षरांची लय टिकून दुसऱ्या समाप्तीपाशी थांबत असेल तर पुरावा भक्कम होतो. समाप्तीची जागा ओलांडणारा पेप्टाइड तुकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीत सापडला तर कोणते अमिनो आम्ल बसले, हेही कळते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: समाप्तीपलीकडून आलेल्या शेपट्या असलेली अनेक प्रथिने पेशी लवकर नष्ट करते, म्हणून ब्लॉटवर फिकट पट्टा दिसला तरी रीड-थ्रू कमी आहे असा निष्कर्ष काढू नये.

प्रोफायलिंग किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री पदवीच्या प्रयोगशाळेत अपेक्षित नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (कर्करोग) संशोधन संस्थेत प्रशिक्षणाची संधी मिळालीच, तर नियंत्रणांसह आखलेला प्रश्न हातात घेऊन जावे.

आजारांच्या संदर्भात वापरताना

जनुकाच्या मध्येच उत्परिवर्तनाने समाप्ती कोडॉन आला तर प्रथिन अर्धवट राहते. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके अशा जागी रीड-थ्रू वाढवतात, पण त्या मात्रांत मूत्रपिंड आणि श्रवणशक्तीला अपाय होतो. म्हणून हे वाचून कोणीही औषधाचा विचार करू नये. तो सर्वस्वी वैद्यकीय तज्ज्ञांचा विषय आहे. अनुक्रमाचा अभ्यास म्हणून मात्र हे उदाहरण मोलाचे आहे.

ठाणे जिल्ह्यात, विशेषतः उल्हासनगरच्या सिंधी समाजात, बीटा थॅलेसेमियाचा प्रश्न अनेक कुटुंबांना जवळून माहीत आहे. सिंधी समाजात वारंवार आढळणाऱ्या उत्परिवर्तनात जनुकाचे ६१९ बेसच गळालेले असतात. तेथे ओलांडण्यासारखा कोडॉनच नाही, त्यामुळे रीड-थ्रूचा संबंध येत नाही. भारतात आढळणारे १५व्या कोडॉनचे उत्परिवर्तन मात्र समाप्तीचे आहे: ट्रिप्टोफॅनचा यूजीजी बदलून यूएजी होतो. मध्येच समाप्ती असलेले एम-आरएनए पेशी बहुधा नष्ट करते आणि मग वाचायला काही उरत नाही, परंतु १५वा कोडॉन सुरुवातीच्या एयूजीच्या इतका जवळ आहे की बीटा ग्लोबिनचा हा एम-आरएनए त्या विनाशातून बऱ्याच अंशी वाचतो. त्यावर रीड-थ्रू झाले तरी यूएजीच्या जागी ट्रिप्टोफॅन येण्याऐवजी ग्लुटामिन किंवा टायरोसिन येण्याची शक्यता अधिक, आणि तशी साखळी हिमोग्लोबिनमध्ये नीट बसेल का, हा स्वतंत्र प्रयोगाचा प्रश्न आहे. याच कोडॉनचे यूजीजीपासून यूजीए होणारे उत्परिवर्तनही ज्ञात आहे. यूजीएवर येऊ शकणाऱ्या अमिनो आम्लांत ट्रिप्टोफॅन असते, म्हणजे तेथे रीड-थ्रूने मूळचेच प्रथिन अखंड तयार होऊ शकते. दोन्ही उत्परिवर्तनांच्या पुढची सहा अक्षरे बीटा ग्लोबिनच्या अनुक्रमातून काढावीत, चौथे अक्षर कोणते आहे ते पाहावे, आणि कोणत्या जागी किती गळती अपेक्षित आहे याचा अंदाज कारणांसह लिहावा.